एका शिंगाचे पाणी

ज्या साली सटवाजी पाटकऱ्याच्या हौसाचे लग्न झाले, त्या सालची ही हकिकत. शक कोणता होता हे धोंडसरच्या माणसांना पुढे कधी नीट सांगता आले नाही. पण वैशाखात हौसाची वरात झरेवाडीत उतरली, भाद्रपदात तळ्यातल्या दगडी नंदीचे वशिंड बुडाले, आणि मार्गशीर्षात जानरावाची फौज आली, एवढे सगळ्यांना पाठ होते.

वशिंड बुडणे ही लहान गोष्ट नव्हती. धोंडसर परगणा कोरडा. वर्षाचा पाऊस पाच-सहा दांडग्या सरींत पडून जायचा आणि बाकीचे दिवस ढग नुसते वरून जायचे. म्हणून जुन्या माणसांनी डोंगराच्या उतरणीवर दगडमातीच्या आडव्या ताली घातल्या होत्या. एका तालीतून सांडलेले पाणी दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असे दम खात, गाळ वाटेत टाकत, ते तळ्यात उतरायचे. तळ्याच्या मधोमध काळ्या दगडाचा नंदी बसवलेला होता. पाणी त्याच्या गुडघ्याशी राहिले तर एकच फड पेरायचा, पोटाला लागले तर दोन, पाठीला लागले तर तीन, आणि वशिंड बुडाले तर चारही. प्रत्येक फडात प्रत्येकाचा पट्टा होता, देशमुखाचाही आणि कोळ्याचाही. त्यामुळे पाणी कमी आले की सगळ्यांचेच रान कमी व्हायचे, आणि त्यावरून धोंडसरात कधी डोके फुटले नव्हते.

हे सगळे पाहणारा माणूस म्हणजे पाटकरी. सटवाजीच्या घरात ते काम चार पिढ्यांचे होते. त्याला अक्षर येत नव्हते, पण बांधावर अनवाणी चालून कुठे ओल वर येते आहे हे तो तळव्याने सांगायचा. त्याच्या कमरेला म्हशीचे शिंग असायचे. बांधाला दोन मोऱ्या होत्या. लहान मोरी भिजवणीची. ती उघडण्याआधी तो शिंग एकदा फुंकायचा. ते ऐकले की ज्याची पाळी असेल त्याने खोरे घेऊन ओढ्याच्या पोटातून जाणाऱ्या पाटावर यायचे आणि आपल्या चारीचे तोंड कापायचे. दुसरी मोठी मोरी. तिला सागाच्या जाड फळ्यांचे दार, दारावर आडवी साखळी आणि साखळीला कुलूप. ती फक्त बांध धोक्यात आला तर उघडायची. त्याआधी शिंग तीनदा वाजायचे, आणि तीनदा वाजले की माणसे, गुरे, कोंबड्यासुद्धा ओढा सोडून दरडीवर चढायची. झरेवाडीतले शेंबडे पोरही सांगायचे, एका शिंगाच्या पाण्याकडे पळायचे आणि तीन शिंगांच्या पाण्यापासून पळायचे.

मोठ्या मोरीची किल्ली मात्र पाटकऱ्याकडे नसायची. ती देशमुखांच्या देवघरात, खंडोबाच्या टाकाखाली टांगलेली असे. किल्ली आल्याशिवाय मोरी उघडायची नाही, हा शिरस्ता होता.

हौसाला सासरी धाडताना सटवाजीने विचारले होते, "काय देऊ तुला? जोडवी झाली, लुगडं झालं."

"बा, झरेवाडीची पाळी भर दुपारची असती," हौसा म्हणाली. "निम्मं पाणी तर ऊनच पितं. आमची पाळी पहाटेची कर."

"अजून उंबरा वलांडला न्हाईस आणि 'आमची' झाली व्हय?"

"झाली. आता तुमच्या कसब्याची दुपारची."

सटवाजी हसला, आणि पंचांना सांगून त्याने झरेवाडीची पाळी पहाटेची केली. लेकीला त्याने दिलेले ते एवढेच आंदण.

जानराव हा धोंडसरचे देशमुख हैबतराव यांचा चुलतभाऊ. वतनाच्या वाटणीवरून दोघांच्या बापांत वैर होते आणि लेकांनी ते जपून ठेवले होते. त्या मार्गशीर्षात शुद्ध पंचमीच्या पहाटे धोंडसरच्या भुईकोटाच्या बुरुजावरल्या पहारेकऱ्याने धुके विरताना खाली पाहिले, तेव्हा शाळूच्या हिरव्या फडांपलीकडे, झरेवाडीच्या चिंचांखाली हजार घोडा उभा होता. कसब्याच्या वाटा तोडल्या गेल्या, रसद तुटली. तळ्याच्या बांधाचे एक टोक किल्ल्याच्या बुरुजालाच टेकलेले असल्यामुळे बांधाकडे यायची छाती जानरावाची झाली नाही. पण त्याला बांध हवाही नव्हता. झरेवाडीच्या सात विहिरी काठोकाठ होत्या.

पंधराव्या दिवशी हैबतरावांनी सटवाजीला किल्ल्यात बोलावले. सदरेवर देशमुख लोडाला टेकून बसले होते आणि त्यांच्या उजव्या हाताला त्यांचा चिटणीस आबाजी कलमदान पुढे घेऊन. सटवाजीने मुजरा केला.

"पाटकरी," हैबतराव म्हणाले, "आमच्या अंबारात आठ दिवसांचा दाणा आहे. आमच्या भावाच्या घोड्यांना मात्र बारमाही पाणी आहे. हे पाणी कसे तोडावे?"

"सरकार, झरेवाडीच्या हिरी सोताच्या जीवावर न्हाईत. तळ्याचा पाझर हाय म्हणून त्या हायेत. तळ्याच्या कडंला बुजवलेला वरचा पाट हाय, त्यानं मी तळं मुरमाडाच्या पडीकाकडं वळवतो. पाणी नंदीच्या पोटाखाली गेलं की पाझर तुटतो. मग हजार घोडं काय चाटणार?"

"किती दिवस?"

"बारा. लई तर चौदा."

"आणि शेते?"

"तीन फड जातील. एक राखतो."

आबाजी चिटणीस कलमाचे टोक नखावर घासत म्हणाला, "दाणा आठ दिवसांचा आणि युक्ती चौदा दिवसांची. मधले सहा दिवस सरकारांनी तळ्यातला गाळ खावा, असे पाटकऱ्याचे म्हणणे दिसते."

सदरेवर हशा पिकला. सटवाजी हसला नाही. "निम्मं खाल्लं तर आठाचं सोळा होत्यात, चिटणीस."

हशा थांबला. सदरेवर बसलेल्यांपैकी कोणी अजून एक घासही कमी केला नव्हता.

हैबतराव जरा पुढे झुकले. "आणि मोठी मोरी उघडली तर?"

"तिच्या वाटंत झरेवाडी हाय, सरकार. दीडशे माणूस. आणि भरल्या तळ्याचं दार एकदम काढलं तर पाणी दारापुरतं ऱ्हात न्हाई. बांध कापतं. ह्या बांधाचा गाभा माझ्या आज्यानं चार उन्हाळं बैलांच्या पायांखाली चिकणमाती मळून, पार खडकापातूर नेऊन घातलाय. तो गेला तर धोंडसर गेलं."

"तुझी लेक तिथे दिली आहे, म्हणून बोलतोस."

"लेक हाय. पर लेक नसती तरी हेच बोललो असतो."

हैबतरावांनी त्याला स्वतःच्या हाताने पानसुपारी दिली. "जा. वरचा पाट सोड." सटवाजी खुशीने उतरला. त्याच दुपारी त्याने वरच्या पाटाचे तोंड फोडले. नंदीचे वशिंड बोटभर उघडे पडले आणि त्याला वाटले, आपले ऐकले गेले.

त्याची पाठ वळल्यावर सदरेवर काय ठरले, ते त्याला फार उशिरा कळले. वद्य पंचमीला आबाजी चिटणीस पांढरे निशाण घेऊन जानरावाच्या गोटात गेला. बरोबर बेलभंडार होता. जानरावाने इतकीच मागणी केली होती की झरेवाडी आणि तिच्या विहिरी आपल्या नावाने कराव्यात, म्हणजे आपण घोडी फिरवून निघून जाऊ. आबाजीने बेलभंडार उचलून, पाच माणसांदेखत, स्वच्छ शब्दांत सांगितले, "मौजे झरेवाडीवर आमच्या सरकारांनी पाणी सोडले. खंडोबाची आण."

जानरावाने ऐकले ते असे की भावाने वाडीवरचा हक्क सोडला. कोणीही तसेच ऐकले असते. त्याने आबाजीला शेला दिला. आण झाली म्हणून मोर्चे उठवले, दरडीवरचे पहारे काढले, आणि घोड्यांना मोकळे लोळता यावे म्हणून सगळा तळ ओढ्याच्या रुंद वाळूत उतरवला. वाडीच्या लोकांनी भीत भीत विचारले की आता तरी शाळूला पाणी मिळेल काय. शाळू पोटरीत आला होता. एक पाणी मिळाले तर कणीस भरणार होते, नाही तर कडबाच हाती येणार होता, आणि फौज आल्यापासून लहान मोरी बंद होती. जानराव मोठ्या मनाने म्हणाला, "वाडी आमची झाली. आता तुमचे पाणी कोण अडवतो? पाळी आली की खुशाल जा."

वद्य षष्ठीला पहाटे आबाजी बांधावर आला. बरोबर किल्ल्याच्या शिबंदीचे चार गडी होते, दोघांच्या खांद्यावर कुऱ्हाडी. सटवाजी नंदीकडे तोंड करून दात घासत होता.

"पाटकरी, सरकारांचा खलिता आहे," आबाजी म्हणाला, आणि मोहर फोडून त्याने वाचले, "मौजे झरेवाडी यावर सरकारांनी पाणी सोडिले असे. तरी पाटकरी याने तैसे वर्तावे."

सटवाजीच्या कानाला 'पाणी सोडणे' याचा एकच अर्थ ठाऊक होता. उभ्या जन्मात त्याने दुसरे काही सोडले नव्हते. शिवाय आबाजीने खलित्यापाठोपाठ कनवटीची मोठ्या मोरीची किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली होती.

सटवाजीने किल्लीकडे पाहिले. "सरकारांनी मला वरचा पाट सोडायला सांगितला हुता."

"तो परवा. हा हुकूम आजचा."

"आणि वाडी?"

"वाडी काल सांजेलाच रिकामी केली. माणसे करंजच्या माळावर नेऊन बसवली आहेत. तुझ्या लेकीला म्हणे ओकाऱ्या होतात. तिला डोलीतून नेले. बाप होऊन तुला ठाऊक नाही?"

ओकाऱ्यांचे हे त्याने ऐकीव माहितीवर जोडले होते. पण ते खरे होते, आणि त्या एका खऱ्या गोष्टीने बाकीचे सगळे खरे करून टाकले. सटवाजी मनात सुखावला. लेकीला दिवस गेले हे त्याला आबाजीच्या तोंडून, अशा पहाटे, हातात अशी किल्ली असताना कळले.

तो मोठ्या मोरीवर उतरला. कुलूप गंजले होते, त्यात त्याने दिव्यातले तेल सोडले. किल्ली फिरवली, साखळी ओढून काढली, आणि किल्ली सवयीने, हरवू नये म्हणून, कमरेच्या करगोट्याला बांधली. मग तो वर आला आणि त्याने शिंग हातात घेतले.

"शिंग नको," आबाजी म्हणाला.

"वाडी रिकामी असली तरी शिंग वाजतं, चिटणीस. कोणाची शेळी मागं ऱ्हाती, कोणाची म्हातारी. तीन शिंगांबिगर ही मोरी माझ्या बापानं उघडली न्हाई, आज्यानं उघडली न्हाई."

"फौज जागी होईल."

"फौजंला शिंगाचं काय कळतंय? तिला वाटंल देवळात पूजा चालली."

आणि आबाजी दुसरे काही बोलायच्या आत त्याने शिंग तोंडाला लावले. एकदा फुंकले. तो लांब, खर्जातला आवाज बांधावरून निघाला, शाळूवरून गेला, झरेवाडीच्या चिंचांना लागून परत आला. दुसऱ्यांदा फुंकायला त्याने छाती भरली, एवढ्यात शिबंदीतल्या गड्याने कुऱ्हाडीचा दांडा आडवा घातला. शिंग फुटले. सटवाजीचे पुढचे दात त्याच्याच हातात आले.

तो गुडघ्यावर बसला आणि रक्त थुंकत खाली पाहू लागला. उजाडत होते. धुके ओढ्यावर गुडघाभर होते. त्या धुक्यातून झरेवाडीच्या बाजूने एक एक करून माणसे बाहेर पडू लागली. कोणी डोक्याला मुंडासे गुंडाळत होते, कोणी धावत होते. सगळ्यांच्या खांद्यावर खोरी होती. वाडी रिकामी नव्हती. एक शिंग वाजले होते, पहाटेची पाळी त्यांची होती, आणि सतरा-अठरा दिवस त्यांनी ह्याच आवाजाची वाट पाहिली होती. ते पाण्याकडे पळत येत होते. त्यांच्यात हिरव्या लुगड्याचे एक माणूस होते. पदर कमरेला खोचून ते सगळ्यांच्या पुढे निघाले होते, कारण पहिली चारी निंबाजीची, सटवाजीच्या जावयाची, होती.

"चिटणीस," सटवाजी म्हणाला. ओठ फाटल्यामुळे शब्द नीट उमटत नव्हते. "दोन येळा फुकू द्या. मग माझी मान घ्या. दोनच येळा."

"शिंग फुटले आहे."

"मग ओरडू द्या."

आबाजीने खाली पाहिले. ओढ्याच्या वाळूत जानरावाचा तळ अजून पांघरुणात होता. त्याने शिबंदीकडे वळून मान हलवली. दोघांनी सटवाजीला दाबून धरले, त्याच्या तोंडात त्याचेच मुंडासे कोंबले, आणि दोघे फळ्यांवर कुऱ्हाडी घालू लागले. सागाच्या फळ्यांनी आठ घाव सोसले. नवव्याला मधली फळी गेली, आणि मग कोणाला घाव घालायची गरज राहिली नाही.

पाणी पहिल्याने दाराएवढेच आले. मग दाराच्या दोन्ही कडा खचल्या आणि बांध वीस हात मोकळा झाला. पाटात उभी असलेली माणसे चारी कापत खाली वाकली होती. पहिला लोंढा पाहून त्यांतल्या काहींनी हसून हात वर केले. इतके पाणी सोडले म्हणून सटवाजीला शाबासकी देत होते ते. मग त्यांना आवाज कळला. जी दरडीकडे पळाली त्यांतली थोडी वाचली. हिरवे लुगडे चारीपाशीच होते. बांधावर धरून ठेवलेल्या सटवाजीला ते दिसत होते तोवर त्याने डोळे मिटले नाहीत.

झरेवाडीची एक्केचाळीस माणसे गेली. जानरावाची तीनशेवर माणसे आणि त्याहून जास्त घोडी गेली, आणि जानराव स्वतः पलंगासकट तंबूत अडकून गेला. दिवस वर येईतो तळ्याच्या चिखलात नंदी खुरापर्यंत उघडा पडला होता. धोंडसरच्या कोणी जिवंत माणसाने त्याचे खूर कधी पाहिले नव्हते. हैबतरावांनी बुरुजावर नगारा वाजवला.

हौसा तिसऱ्या दिवशी सापडली, दीड कोसावर, बाभळीत. सटवाजीला तिच्यापर्यंत जाऊ दिले नाही. तो किल्ल्याच्या तळघरात होता, कारण जानरावाच्या आईने निवाड्यासाठी गोतसभा मागितली होती.

ही साळूबाई हैबतरावांची चुलती. साठीची, काटक, पांढऱ्या लुगड्यातली बाई. आण घेऊन दगा केला, असा तिचा दावा होता, आणि बेलभंडाराची आण मोडली हे सिद्ध झाले तर वतन जाते, हा सगळ्या मुलखाचा कायदा होता. परगण्याचे बारा पाटील जमणार होते. त्याच्या आदल्या दिवशी आबाजी तळघरात उतरला.

"तू इतकेच सांगायचे," तो सटवाजीला म्हणाला, "की खलित्याचा अर्थ तुला कळला नाही. सरकारांनी वाडीवरचा हक्क सोडला होता, तू तळे सोडलेस. अडाणी माणूस, शब्द चुकला. सभा तुला दोष देणार नाही. सरकार तुला दुसऱ्या फडात जमीन देतील आणि बांध पुन्हा घालायचे काम देतील. तो बांध तुझ्यावाचून कोणाला घालता येणार नाही, हे आम्हीही जाणतो."

तेव्हा सटवाजीला त्या खलित्याचा दुसरा अर्थ पहिल्यांदा कळला. तो भिंतीला टेकला.

"म्हंजे जानरावाला बी हाच शबूद सांगितला हुता?"

"हाच."

"आणि देवाला बी?"

"देवालाही हाच. सरकारांनी खोटे काही सांगितलेले नाही."

"चांगला शबूद हाय," सटवाजी म्हणाला.

पौष शुद्ध प्रतिपदेला सदर भरली. बारा पाटील ओळीने बसले. त्यांचा उतारा किल्ल्यातच होता, आणि सदरेच्या चारी दारांवर हैबतरावांची शिबंदी भाले घेऊन उभी होती. वडील म्हणून कुरणगावचे बाजी पाटील मधे बसले. खलिता वाचला गेला. आबाजीने त्याचा अर्थ सांगितला. जानरावाच्या गोटातल्या वाचलेल्या एका स्वाराने बेलभंडाराचे शब्द सांगितले, तेही तेच निघाले. बारा माना हलल्या.

"पाटकरी," बाजी पाटील म्हणाले, "सरकारांनी वाडी सोडली, तू तळे सोडलेस. शब्द ऐकण्यात तुझी चूक झाली, हे तुला कबूल आहे?"

सटवाजी उभा राहिला. दात नसल्यामुळे तो हळू, एक एक शब्द जुळवून बोलला. "मी अडाणी हाय, पाटील. मला एक अर्थ ठावा हुता, ह्यांना दोन. माझी चूक झाली आसंल."

आबाजीने कलम खाली ठेवले.

"पर एक इचारतो," सटवाजी म्हणाला. त्याने अंगरख्याखाली हात घातला, करगोटा तोडला आणि मोठ्या मोरीची किल्ली सदरेच्या फरशीवर टाकली. ती दोनदा वाजली आणि बाजी पाटलांच्या पायाशी थांबली. "वाडी देऊन टाकायची हुती, तर ही कशाला धाडली?"

किल्ली सगळ्यांनी ओळखली. अशी दुसरी किल्ली परगण्यात नव्हती.

"चोरली असेल," आबाजी म्हणाला.

"देशमुखांच्या देवघरात मला पाय टाकायची मुभा न्हाई. खंडोबाच्या टाकाखालनं ती कोणी काढली, ते सरकारांनी खंडोबावर हात ठेवून सांगावं. मी इथंच हाय."

साळूबाई जागची उठली. "हैबती," ती म्हणाली, आणि तिने पुतण्याला लहानपणच्या नावाने हाक मारली, "सांग."

हैबतरावांनी तिच्याकडे पाहिले नाही. त्यांनी दारावरच्या शिबंदीकडे पाहिले. बारा पाटलांनीही तिकडेच पाहिले. मग बाजी पाटलांनी उपरण्याने घाम पुसला आणि निवाडा सांगितला. खलित्यात वाडी सोडल्याचे लिहिले आहे, सबब सरकारांची आण शाबूत आहे. किल्ली धाडणे ही कारकुनी गफलत. कुलूप पाटकऱ्याच्या हाताने निघाले आणि वाडीचे लोक पाटकऱ्याच्या शिंगाने पाण्यात आले, सबब एक्केचाळीस माणसांचा खून पाटकऱ्याच्या माथी. बांधाने बळी घेतले आहेत, तेव्हा बांधाला बळी द्यावा.

शिंगाचे नाव निघाले तेव्हा सटवाजीची मान पहिल्यांदा खाली गेली. बाकी सगळे त्याला खोटे वाटत होते. एवढेच खरे होते.

साळूबाईने किल्ली उचलून पदराच्या गाठीत बांधली. तिच्यासमोर ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याला तिने हात लावला नाही. वाड्याबाहेर पडताना ती सटवाजीपाशी थांबली. "माझा लेक तुझ्या पाण्यात गेला," ती म्हणाली.

"माझी लेक बी," सटवाजी म्हणाला. ती मान हलवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला फुटलेल्या बांधाच्या खिंडारात उभे केले. गवंडी दगड रचू लागले. ते कसब्यातलेच होते आणि त्यांनी त्याच्या हाताखाली काम केले होते. दगड कमरेपर्यंत आले तेव्हा सटवाजीने खाली पाहिले आणि पायाने माती चाचपली.

"अरं, हे मुरमावरच रचताय," तो म्हणाला. "खाली अजून दोन हात खणा. खडक लागंस्तोवर खणा. चिकणमाती घाला, मळून. न्हाई तर पाणी खालनं जाईल."

गवंड्यांनी हात थांबवून आबाजीकडे पाहिले. आबाजी छत्रीखाली बसला होता. "रचा," तो म्हणाला. त्यांनी रचले. दगड गळ्याशी येईपर्यंत सटवाजी त्यांना तेच सांगत होता.

तो बांध उन्हाळ्यापूर्वी पुरा झाला आणि दिसायला पहिल्याहून देखणा झाला. दुसऱ्या वर्षी आश्विनात चांगला पाऊस पडला, पाणी नंदीच्या पाठीला लागले, आणि आठ दिवसांत बांधाच्या खालून, मुरमातून, सगळे निघून गेले. वर एक दगड हलला नाही. तिसऱ्या वर्षी पाऊसच नव्हता. ताली कोणी राखल्या नव्हत्या, त्या गुरांनी मोडल्या. झरेवाडीच्या विहिरी आटल्या, मग कसब्याच्या, आणि फाल्गुनात किल्ल्याच्या विहिरीतही तळाचा दगड दिसू लागला. त्या महिन्याच्या अखेरीस साळूबाईची माणसे दहा रेड्यांवर पाण्याच्या पखाली घालून किल्ल्याच्या दाराशी आली. आतल्या शिबंदीने दोन पखालींच्या बदल्यात दार उघडून दिले.

हैबतराव त्याच दिवशी, फाल्गुन वद्य दशमीला, स्वतःच्या देवघरात मारले गेले. त्यांच्या छातीवर मोठ्या मोरीची किल्ली ठेवलेली होती. आबाजी चिटणीस त्या दिवशी किल्ल्यात नव्हता. तो दुसऱ्या दरबारी चाकरीस लागला होता आणि एकाहत्तराव्या वर्षी अंथरुणात वारला. बाजी पाटील त्याच दुष्काळात मुलखाबाहेर जाताना वाटेत गेले. साळूबाईने धोंडसरचे वतन घेतले नाही. तिथे घेण्यासारखे काही उरले नव्हते.

हौसा मेली मार्गशीर्ष वद्य षष्ठीला, पहाटे. सटवाजी पाटकरी मेला पौष शुद्ध द्वितीयेला, दिवस कलता. मधे अकरा दिवस गेले.